दोन आरोळ्या

मुकादमाचा हात आधी पोचायचा आणि डोकं मागून यायचं, तेही वाटेत कुणी अडवलं नाही तर. त्याच्या हाताखाली काम केलेल्या कुणालाही त्याच्याबद्दल विचारा, तो आधी आपला एखादा हललेला दात नाहीतर बधिर झालेला कान दाखवील आणि मग बोलायला लागेल. तरी माणूस वाईट होता असं चटकन कुणी म्हणणार नाही. आजारी पडलेल्या गड्याला तो स्वतःच्या पाठीवर टाकून दवाखान्यात न्यायचा, आणि तिथल्या डॉक्टरने वेळ लावला तर त्याचीही कॉलर धरायचा. त्याची माया आणि त्याचा मार एकाच हातातून यायचे. समोरून येणारा हात यातला कुठला, हे आधी कळायची काही सोय नव्हती.

जुन्या इमारती पाडणं हा त्याचा धंदा. सुरुंग लावून क्षणात जमीनदोस्त करायच्या त्या मोठ्या कंपन्यांच्या गोष्टी. मुकादमाच्या टोळीला मिळायच्या त्या अरुंद गल्लीतल्या, दोन्ही बाजूंनी दुसऱ्या घरांना खेटून उभ्या असलेल्या इमारती. त्या वरून खाली, एकेक वीट करत, घण आणि पहारीने उतरवाव्या लागतात. घण मुकादम स्वतः चालवायचा. भिंतीवरही तो असा तुटून पडायचा, जसं काही त्या भिंतीने त्याच्या आईला शिवी दिली आहे.

हे सगळं आलं कुठून, ते सांगायला हवं. त्याचा बाप खाणीत दगड फोडायचा आणि उरलेला जोर घरी येऊन दोन पोरांवर काढायचा. हातात येईल ते हत्यार, मग तो पट्टा असो, चप्पल असो की पाण्याचा तांब्या. थोरला, म्हणजे हाच मुकादम, धाकट्याला लोखंडी पेटीमागे ढकलायचा आणि स्वतः पुढे होऊन सगळं अंगावर घ्यायचा. एके दिवशी बापाने पेटी बाजूला सारली आणि धाकट्याला पायाला धरून बाहेर ओढलं. पोराचं डोकं उंबऱ्यावर आपटलं. थोरल्याने कोपऱ्यातला हातोड्याचा दांडा उचलला आणि बापाच्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज ओली फांदी मोडल्यासारखा आला. बाप खाली बसला, ओरडलासुद्धा नाही. त्या दिवसानंतर त्याने घरात कुणावर हात उगारला नाही. इतकंच काय, जेवायला बसतानाही तो थोरल्याकडे बघून मग बसायचा.

चौदा वर्षांच्या पोराला एवढंच कळलं की ज्याचा हात जड, त्याचं घर ऐकतं. आयुष्यात माणसाला पाचपन्नास धडे मिळतात, त्यातले निम्मे एकमेकांना खोटे पाडतात, म्हणून आपण शहाणे राहतो. याला हा एकच धडा मिळाला आणि तो तोंडपाठ झाला.

बाप गेल्यावर धाकट्याला त्यानेच वाढवलं. दहावीपर्यंत शिकवलं, लोखंड कापायच्या गॅस कटरचं काम शिकायला पाठवलं, आणि मग आपल्याच टोळीत घेतलं. धाकटा अंगाने काटक आणि तोंडाने गोड. एकदा टोळी एक जुनी चाळ रिकामी करत होती. तिथल्या भाडेकरूची मुलगी पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठाण मांडून बसली होती, उठायलाच तयार नाही. मुकादम तिला उचलून बाजूला ठेवायला निघाला होता, तर धाकट्याने मध्ये पडून आधी तिची पुस्तकं एकेक करून खाली नेली. वर्षभरात त्यांचं लग्न झालं. ती पुढे शाळेत विज्ञान शिकवायला लागली. मुकादम तिला मास्तरीण म्हणायचा आणि तिच्यासमोर शिव्या गिळायचा. त्याच्या दृष्टीने हा फार मोठा मान होता.

आता त्या दोन आरोळ्यांचं.

लिफ्ट काढून नेली की इमारतीत वरपासून खालपर्यंत एक उभी पोकळी राहते. टोळीतले लोक तिला विहीर म्हणायचे. वर भिंत फोडायची, मलबा त्या विहिरीत टाकायचा, आणि खालची माणसं तो फावड्याने ओढून घमेल्यांतून बाहेर न्यायची. पूर्वी एकच पद्धत होती. वरचा ओरडणार, खालची माणसं बाहेर निघणार, ‘मोकळं!’ म्हणून उलट ओरडणार, मग वरचा टाकणार. यात कामाचा खोळंबा व्हायचा. दर मुठीएवढ्या तुकड्याला खालची सगळी माणसं बाहेर यायची, कंबर ताठ करायची, तोवर कुणीतरी विडी पेटवायचा. मुकादमाच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एकदा वरून प्लायवूडचे तक्ते टाकत होते. तक्ता डोलत, गिरक्या घेत, सावकाश खाली आला. मुकादम बघत राहिला. मग थर्माकोलचे तुकडे टाकले, ते तर येता येईनात. त्याच्या डोक्यात उजेड पडला, म्हणजे त्याला तसं वाटलं. जड वस्तू लवकर पडते आणि हलकी उशिरा, हे तर शेंबडं पोरही सांगेल. मग सगळ्यांसाठी एकच पद्धत कशाला? त्या दिवसापासून त्याने आरोळ्या दोन केल्या. दोन हातांनी उचलावं लागतं ते ‘जड’. ‘जड!’ ओरडलं की सगळ्यांनी बाहेर निघायचं, ‘मोकळं!’ ऐकल्यावरच टाकायचं. एका हातात मावतं ते ‘हलकं’. ‘हलकं!’ ओरडायचं आणि लगेच टाकायचं. ते खाली येईस्तोवर खालच्याने फावडं न सोडता एक पाऊल बाजूला व्हायचं. प्लायवूडचा नियम त्याने विटेच्या तुकड्यालाही लावून टाकला, आणि काम दीडपट वेगाने व्हायला लागलं.

‘हलकं!’ ऐकून जो विहिरीबाहेर पळायचा, त्याच्या कानाखाली मुकादम जाळ काढायचा. “पळायला काय वरून हत्ती येतोय?” असं म्हणायचा. एकदा धाकटाही कटर विझवून बाहेर आला होता. मुकादमाने त्यालाही सगळ्यांदेखत कानशिलात ठेवून दिली. भाऊ म्हणून सूट नाही, हे लोकांना दिसलं पाहिजे. धाकटा गाल चोळत हसला आणि परत आत गेला. मुकादमाला त्या दिवशी दिवसभर अभिमान वाटत राहिला, भावाचाही आणि स्वतःच्या न्यायाचाही.

आणि मग तो दिवस उजाडला. धाकटा विहिरीच्या तळाशी वाकून मलब्यातून वर आलेले गज कापत होता. चौथ्या मजल्यावर फेक्या होता. मलबा फेकायचं काम त्याच्याकडे, म्हणून फेक्या. तो ‘हलकं!’ म्हणून ओरडला आणि त्याने अर्धी वीट सोडली. मुकादम दुसऱ्या मजल्यावर घण घालत होता. त्याला आरोळी ऐकू आली, मग एक बोदा आवाज. किंकाळी नाही. फक्त कटरची शिट्टी चालू होती, आणि ती एकाच जागी चालू होती. गज कापणाऱ्याची शिट्टी कधी एका जागी राहत नाही. मुकादम तीन-तीन पायऱ्या उतरत खाली आला, तेव्हा धाकटा पालथा पडला होता. वीट हेल्मेटच्या खाली, मानेवर बसली होती. हातातून सुटलेल्या कटरचा जाळ त्याच्याच पोटरीला लागून कापड आणि कातडी जळत होती, आणि पाय हलत नव्हता. मुकादमाने जाळ उघड्या हाताने बाजूला सारला. त्याने धाकट्याचं डोकं मांडीवर घेतलं, तर मान कुठेही वळत होती. गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

पंचनामा झाला, ‘अपघात’ असं लिहिलं गेलं, आणि लिहिणारी माणसं निघून गेली. मुकादम रडला नाही. त्याला रडता येत नव्हतं, त्याला फक्त एकच गोष्ट येत होती, आणि तिच्यासाठी समोर माणूस लागतो. मग तो विचार करत बसला. हीच मोठी पंचाईत झाली, कारण विचार त्याने सरळ केला, फक्त चुकीच्या जागेवरून सुरू केला. वीट अर्धी होती. अर्धी वीट म्हणजे हलकं. हलकं सावकाश पडतं. धाकटा तर मांजरासारखा चपळ. आरोळी ऐकून त्याला बाजूला व्हायला हवा तेवढा वेळ होता. तरी तो मेला. म्हणजे आरोळी आधी झालीच नाही. फेक्याने आधी वीट मारली, ती खाली पोचत आली आणि मग तो ओरडला. आणि आठच दिवसांपूर्वी एका जुन्या छताच्या पंख्यावरून, तो घरी कुणी न्यायचा यावरून, दोघांची झोंबाझोंबी झाली होती. धाकट्याने फेक्याला सगळ्यांदेखत मलब्यावर लोळवला होता. मुकादमाच्या मते आता काही सिद्ध करायचं उरलं नव्हतं.

काम पुन्हा सुरू झालं त्या दिवशी सकाळी तो मास्तरणीच्या घरी गेला. ती खाटेवर नवऱ्याच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. घालत होती, मोडत होती आणि परत घालत होती.

“मास्तरीण,” तो दारातूनच म्हणाला, “आज तुझ्या नवऱ्याचा बदला घेतो. नंतर मला पकडून नेतील. माझ्या खोलीची किल्ली ही घे.”

“कसला बदला?”

“फेक्याने मारला त्याला. आज त्याला त्याच विहिरीत टाकतो. डोकं खाली करून.”

तिने हातातला सदरा खाली ठेवला. “कशावरून मारला?”

मुकादमाने सगळं सांगितलं. जड, हलकं, ‘मोकळं’, आधी वीट आणि मग आरोळी. ती ऐकत गेली तसा तिचा चेहरा पांढरा होत गेला. या दोन आरोळ्या तिने जन्मात ऐकल्या नव्हत्या. कामावरच्या गोष्टी धाकट्याने कधी घरात आणल्या नव्हत्या.

“दादा, बसा.”

“बसायला वेळ नाही.”

“बसा म्हणते ना!” ती शाळेत वापरायची तो आवाज तिने काढला, आणि मुकादम चक्क बसला. “अर्धी वीट सावकाश पडत नाही. मोठा धोंडा आणि अर्धी वीट एकाच उंचीवरून सोडली, तर दोन्ही बरोबर पोचतात.”

“खुळी का काय तू? जड लवकर पडतं.”

“का पडतं?”

“का म्हणजे? जड आहे म्हणून. जमीन त्याला जोरात ओढते.”

“बरोबर. जोरातच ओढते.” ती त्याच्या समोर जमिनीवर बसली. “पण ती ओढ वस्तूच्या मालकीची नसते, दादा. जागेची असते. इथं, या खोलीत, तुमच्या त्या विहिरीत, पृथ्वीने सगळीकडे ओढ पसरून ठेवली आहे. तिथं वस्तू असो नसो. त्याला गुरुत्वीय क्षेत्र म्हणतात. आणि ते किती जोराचं आहे हे मोजायचं ते किलोमागे. दर किलोला नऊ पूर्णांक आठ न्यूटन. धरा दहा. एक किलोला दहा, दोन किलोला वीस, वीस किलोच्या धोंड्याला दोनशे.”

“मग हेच तर मी म्हणतोय! धोंड्याला दोनशे आणि विटेला वीस. धोंडा आधी येणार.”

“तुम्ही रोज घण उचलता. जड घण हलवायला जास्त जोर लागतो की कमी?”

“जास्त. हे काय विचारणं झालं?”

“मग धोंड्यालाही तसंच. त्याला दसपट ओढ मिळते, पण त्याला जागचं हलवायलाही दसपटच जोर लागतो. हिशेब तिथल्या तिथं मिटतो, शिल्लक काही उरत नाही. चंद्रावर गेलात तर ओढ सहावा हिस्सा होईल, पण तिथंही धोंड्याला आणि विटेला सारखीच. जागा बदलली की ओढ बदलते. वस्तू बदलली म्हणून नाही.”

“आणि प्लायवूड?” मुकादमाने हुकमाचं पान टाकलं. “प्लायवूड मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.”

“प्लायवूडला हवा धरते. पसरट आहे ते. विटेला हवा काय धरणार? चौथ्या मजल्यावरून वीट दीडेक सेकंदात खाली येते. ‘हलकं’ एवढं म्हणून आवाज तुमच्या डोक्यात शिरेपर्यंत ती मानेवर असते. फेक्या वेळेवर ओरडला असेल, दादा. ओरडून उपयोगच नव्हता.”

मुकादम उठला. त्याच्या कपाळावरची शीर फुगली होती. “पुस्तकातलं सांगू नकोस मला. तू बायको आहेस त्याची. तुझं रक्त कसं उसळत नाही?”

“माझा नवरा गेलाय!” ती ओरडली. आता हा आवाज शाळेतला नव्हता. “तो का गेला ते मला खरं पाहिजे. खोटं कारण नको मला, आणि त्याच्या नावावर आणखी एक मढंही नको.”

पण तो गेला होता.

फेक्या कामावर आला होता. लपून बसलास तर गुन्हेगार ठरशील, असं त्याच्या बायकोने त्याला सांगितलं होतं. तो तळमजल्यावर पहार उचलत होता, तेव्हा मुकादमाने मागून त्याचे केस धरले आणि तोंड भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी फेक्याचे पुढचे दात भिंतीच्या गिलाव्यात राहिले. “मी नाही, मुकादम, मी नाही,” तो म्हणत होता, पण तोंडात रक्त भरल्यामुळे नुसते बुडबुडे ऐकू येत होते. मुकादमाने त्याच्या बरगडीत लाथ घातली. काहीतरी आत कडकन मोडलं. टोळीतले दहा-बारा लोक भोवती उभे होते, हातात फावडी होती, पहारी होत्या. एकही पुढे झाला नाही. घमेली वाहणारी मावशी तेवढी “अरे, मरेल तो!” म्हणाली. मुकादमाने नुसतं वळून बघितलं आणि तीही गप्प झाली.

त्याने फेक्याला दंडाला धरून जिन्याने वर ओढत नेलं. फेक्याची टाच प्रत्येक पायरीवर आपटत होती आणि मागे रक्ताचा पट्टा उमटत होता. चौथ्या मजल्यावर, विहिरीच्या काठाला, मुकादमाने त्याला पालथा पाडला आणि छातीपर्यंत पोकळीत लोंबकळत ठेवला. खालचा ढिगारा दिसताच फेक्याने दोन्ही हातांनी काठाचे तुटके गज पकडले. मुकादमाने टाचेने त्याची बोटं चेचायला सुरुवात केली. एक हात सुटला.

“दादा!”

मास्तरीण जिन्याच्या तोंडाशी उभी होती. धापा टाकत होती, पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

“मध्ये येऊ नकोस.”

“येत नाही. टाका त्याला.” तिला श्वास पुरत नव्हता. “पण आधी वीट टाका. एका हातात अर्धी वीट, एका हातात मोठा धोंडा. एकदम सोडा. धोंडा आधी पोचला, तर याला ढकलायला मी स्वतः हात लावीन. हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

तो थांबला. तिच्यासाठी नाही, तर आपलंच खरं ठरणार याची त्याला पक्की खात्री होती म्हणून. “जड!” तो विहिरीत ओरडला. खालून कुणीतरी घाबऱ्या आवाजात “मोकळं!” म्हणालं. मुकादमाने फेक्याच्या पाठीवर पाय रोवला, डाव्या हातात अर्धी वीट घेतली, उजव्या हाताने आणि छातीने तोलत भिंतीचा एक मोठा तुकडा काठाबाहेर धरला, आणि दोन्ही सोडले.

आवाज एकच आला.

तो वाकून बघत राहिला. मग त्याने आणखी एक तुकडा उचलला, आधीपेक्षा मोठा, आणि दुसऱ्या हातात विटेचा अगदी लहानसा खापा. आवाज एकच आला. मग तो वेड्यासारखा टाकत सुटला. धोंडा आणि खापा, चौकटीचा लाकडी ओंडका आणि एक खिळा, दगड आणि गोटी. दर वेळी तो कान देऊन दुसऱ्या आवाजाची वाट बघायचा आणि दुसरा आवाज यायचा नाही. घाम त्याच्या नाकावरून फेक्याच्या पाठीवर टपकत होता. त्याने पाय कधी काढला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. फेक्या कोपरांवर सरपटत मागे आला आणि भिंतीला टेकून ओकला.

आवाज थांबले तसे खालचे लोक एकेक करत वर आले आणि जिन्यात दाटून उभे राहिले. कुणी फेक्याच्या तोंडाला फडकं लावलं.

मास्तरीण त्यांच्याकडे वळली. “मला एक सांगा. ‘हलकं’ म्हणायचं आणि वाट न बघता टाकायचं, हा नियम कुणी केला?”

सगळ्यांच्या नजरा जमिनीला. शेवटी फेक्या बोलला. मोडलेल्या तोंडातून, एकेक अक्षर ओढत. “पहिल्यापासून होता, बाई. सगळीकडंच असतो.”

मुकादमाने त्याच्याकडे बघितलं. आत्ता आत्ता ज्याची बोटं त्याने चेचली होती, तो माणूस त्याला वाचवायला खोटं बोलत होता. आणि त्याच्या डोळ्यांत मायेचा मागमूस नव्हता. होती ती निव्वळ भीती.

“खोटं आहे,” मुकादम म्हणाला. “मी केला. प्लायवूड बघून मी केला तो.” मग तो जिन्यातल्या लोकांवर उखडला. दुसरं काही त्याला येतच नव्हतं. “आणि तुम्ही? वर्षानुवर्षं खाली उभे राहता ना? एकाच्याही लक्षात आलं नाही? डोळे काय गहाण ठेवले होते?”

कुणीतरी खाकरलं. मग घमेलंवाली मावशी पुढे झाली. तिने ठरवून टाकलं असावं, की आता व्हायचं ते होऊ दे.

“सगळ्यांच्या लक्षात आलं होतं, मुकादम. पहिल्याच महिन्यात. खापा काय नि धोंडा काय, दोन्ही तसेच येतात. आम्ही वर बघत काम करायचो, कसेबसे चुकवायचो. तुमच्या भावाला तर सगळ्यांच्या आधी कळलं. म्हणून तर तो त्या दिवशी बाहेर निघाला होता, तुम्ही त्याला मारलंत तेव्हा.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“मीच म्हटलं होतं त्याला, बाबा, तू सांग, तुझं ऐकतील. तो हसला.” मावशीने विहिरीकडे बघितलं. “म्हणाला, मावशी, वीट एखादवेळ चुकवता येते. दादाचा हात नाही चुकवता येत. आणि मग वाकला नि गज कापायला लागला. वर बघून गज कापता येत नाही ना.”

मास्तरणीच्या तोंडून एक आवाज निघाला, आणि तिने पदराने तो आतल्या आत दाबला. मुकादम तसाच उभा होता. त्याचे डोळे भरून आले, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, आणि समोरचं काही दिसेना म्हणून त्याने हात वर केला.

जिन्यातली माणसं एकमेकांवर आदळत मागे सरली. फेक्याने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. मावशीने तोंड फिरवून डोळे मिटले. मास्तरीणसुद्धा एक पाऊल मागे झाली आणि तिने नकळत गालावर हात धरला.

त्याला फक्त डोळे पुसायचे होते. तो हात तसाच खाली आला, डोळे न पुसता.